लॉकडाऊनमध्ये गावी परतलेले मजूर : फटका सगळ्यांना बसला, पण सारखा नाही

धाराशिव : 25 मार्च 2020 पासून देशभर लॉकडाऊन लागला आणि पुण्या-मुंबईला पोट भरायला गेलेली माणसं कळंब, भूम, परंडा, उमरग्याकडे परतली. गाव एकच, संकटही एकच. पण मदत कुणाला किती मिळाली, हे बऱ्याच अंशी जवळच्या कागदांवर ठरलं.

कंपनी कामगार : ज्यांचा पीएफ कापला जात होता, त्यांना तीन महिन्यांचा मूळ पगार व महागाई भत्ता किंवा खात्यातली 75 टक्के रक्कम, यातली जी कमी ती काढता आली.

बांधकाम मजूर : कल्याणकारी मंडळाकडे नोंद असलेल्यांना एप्रिल 2020 मध्ये राज्य सरकारने 2,000 रुपये जाहीर केले. त्याच साइटवर राबणारा, पण नोंद नसलेला मजूर या मदतीतून सुटला.

ऊसतोड मजूर : कारखान्यांवर अडकलेल्यांना तपासणी करून गावी सोडायला 17 एप्रिलला परवानगी मिळाली. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल हंगामात फिटली नाही, तर बाकी अंगावर राहते आणि पुढच्या हंगामात फेडावी लागते. म्हणजे पीएफवाल्याकडे थोडी शिल्लक, तर याच्याकडे उलट देणं.

गावातलं काम : विहीर-बोअर असलेल्याला शेतीचा आधार होता. भूमिहीनाला रोजगार हमी. 2020-21 मध्ये राज्यात मजुरी रोज 238 रुपये होती. केंद्राची हमी तेव्हा वर्षाला कुटुंबामागे 100 दिवसांची होती, म्हणजे 23,800 रुपये. एका जॉबकार्डवर दोघं भाऊ असले तरी ते 100 दिवस दोघांत मिळूनच होते.

जून 2020 मध्ये केंद्राने परतलेल्या मजुरांसाठी गरीब कल्याण रोजगार अभियान सुरू केलं. त्यात 6 राज्यांतले 116 जिल्हे होते, महाराष्ट्रातला एकही नव्हता.

कामाला जाण्याआधी एवढं करून ठेवा :
- बांधकामावर वर्षात 90 दिवस काम केलं असेल तर मंडळाकडे नोंदणी करा.
- पीएफ नसेल तर ई-श्रम कार्ड काढा. ही नोंदणी ऑगस्ट 2021 पासून सुरू आहे.
- रेशनकार्डाला आधार जोडा, म्हणजे परगावीही धान्य उचलता येतं.
- उचल किती घेतली, किती फिटली, हे तारखेसह वहीत लिहून मुकादमाची सही घ्या.

पुन्हा असं संकट आलं, तर ही नोंदच पहिल्यांदा कामाला येईल.