तळीरामानंतरचे मंडळ

दिवाळीच्या अंकात दारूचा विषय काढणे म्हणजे फराळाच्या ताटात कडुलिंब वाढणे, असे वाचक म्हणतील. परंतु नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण कारीट फोडतो, त्याचा कडू रस जिभेला लावतो आणि मगच फराळाला बसतो. हा लेख तेवढ्याच बेताचा.

माझा धाकटा भाऊ पीत असे. घरात जे उपाय होतात ते सारे आम्ही केले. देवापुढे शपथा झाल्या, पगाराचे पाकीट वहिनीच्या हाती देऊन झाले. मी पडलो शिक्षक. उपदेश हा माझा धंदाच. मी रोज उपदेश करी आणि तो रोज पीत असे.

आमच्या हतबलतेला मोठा इतिहास आहे. गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ 1919 साली रंगभूमीवर आले. त्यात तळीराम पिणाऱ्यांचे चक्क ‘आर्य मदिरा मंडळ’ चालवतो. आपण त्याला हसतो. पण सुधाकराभोवतीची माणसे मोजून पाहा. रडणारी पत्नी आहे, बोध करणारा मित्र आहे. नाही तो एकच माणूस: स्वतः प्यालेला आणि त्यातून सुटलेला. पिण्यासाठी मंडळ होते, सोडण्यासाठी नव्हते.

पुढे सरकारने कायदा केला. 1949 च्या ऑगस्टमध्ये कल्याणजवळच्या जुन्या लष्करी छावणीत, सिंधी निर्वासितांच्या वसाहतीत, राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसली आणि उल्हासनगर हे नाव पडले. त्याच सालचा मुंबईचा दारूबंदी कायदा. 1950 च्या एप्रिलपासून राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. दुकाने बंद झाली, हातभट्ट्या पेटल्या. नवसागराची दारू घशाखाली जाऊ लागली. पुढे कायदा सैल झाला, तरी ‘परमिट रूम’ ही पाटी त्या काळाची खूण म्हणून अजून लटकते आहे. कायद्याने दुकानाला कुलूप घालता येते, तहानेला नाही.

तहानेवरचा तोडगा 1935 सालीच दूर अमेरिकेत एका फसलेल्या व्यवहारातून निघाला होता. बिल विल्सन हा शेअरबाजारातला माणूस. काही महिन्यांपूर्वीच त्याने दारू सोडलेली. अ‍ॅक्रन गावी धंद्यात हार खाऊन तो हॉटेलात एकटा उभा होता. एका बाजूला दारूचा गुत्ता, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. तो टेलिफोनकडे वळला आणि त्याने आपल्यासारखाच एखादा पिणारा शोधला. तो निघाला शस्त्रवैद्य बॉब स्मिथ. पाव तास बसेन म्हणून आलेले डॉक्टर कित्येक तास बसले, कारण समोरचा उपदेश करीत नव्हता, स्वतःची हकीगत सांगत होता. या भेटीतून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही संघटना उभी राहिली. ती 1957 साली मुंबईत आली. दारूबंदी चालू असताना दारू सोडणाऱ्यांची सभा भरावी लागली, हा इतिहासाचा मार्मिक शेरा! पुढे 1986 साली पुण्यात अनिता व अनिल अवचटांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने ‘मुक्तांगण’ काढले.

हे सारे मला कळले ते भावामुळे. डॉक्टरांनी आधी बजावले की, वर्षानुवर्षे पिणाऱ्याने एकाएकी सोडली तर अंग कापते, झटकेही येतात. तेव्हा आधी औषधोपचार, मग सभा. सभा उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या तिन्ही गावांत भरतात. आम्ही बदलापूरचे. भाऊ म्हणाला, “दादा, इथं नको. कुणी पाहील.” म्हणून गाडीत बसून अंबरनाथ मागे टाकले आणि उल्हासनगरला उतरलो. टेलिफोनवरचा माणूस पुलाखाली वाट पाहत होता. त्याने आम्हाला एका शाळेच्या रिकाम्या वर्गात नेले. आत पाऊल टाकतो तो समोरच आमच्याच आळीतले एक गृहस्थ! ते कोण, हे सांगणार नाही. तेही ‘कुणी पाहील’ म्हणूनच इतक्या दूर आलेले.

ती सभा घरच्यांनाही खुली होती. फी नाही, वर्गणी नाही. शेवटी टोपी फिरते, जमेल त्याने टाकावे. आडनाव कोणी विचारीत नाही. दारू सोडण्याची इच्छा, एवढीच सभासदत्वाची अट. जन्मभराची शपथ नाही. फक्त आजचा दिवस. जो तो उठून आपले सांगतो, दुसऱ्याला शिकवीत नाही. आयुष्यभर फळ्यापाशी उभा राहिलेला मी त्या संध्याकाळी मागच्या बाकावर गप्प बसलो, आणि माझ्या उपदेशाला यश का आले नाही ते मला उमगले. मी काठावरून ओरडत होतो. ही माणसे पाण्यातून बोलत होती.

भाऊ मध्ये दोनदा घसरला. दोन्ही वेळा त्याच बाकावर परत गेला. कोणी रागावले नाही. आता तो गावच्याच सभेला जातो, सर्वांच्या देखत. परवा फराळाचे चालले असता टेलिफोन वाजला, आणि तो चपला घालून निघाला. कोणी नवा माणूस स्टेशनवर पुलाखाली थांबणार होता.

कोण, ते मी विचारले नाही.