कंपवात आणि जेवणाचें ताट

तापीच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशीं शहादें तालुका पसरला आहे. सहकारी साखर कारखान्याच्या योगानें नांवारूपास आलेलें पुरुषोत्तमनगर ह्याच तालुक्यांत येतें. ऊंस, केळी आणि पपई यांचा हा मुलूख. घरोघरीं ताटांत ज्वारीची किंवा कळण्याची भाकरी. कळणा म्हणजे ज्वारींत उडीद मिसळून दळलेलें पीठ, हें पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांस सांगावयास हवें, कारण पुढें त्याचें काम पडणार आहे. रानांत व कुंपणांवर वाढणारी एक वेलही ह्या कथेंत आहे. तिच्या लोंकरी शेंगेस हात लागला कीं अंगाची आग होते. तिला खाजकुइली म्हणतात, आणि तिच्या बियांस वैद्य कवचबीज म्हणतात. गुराखी जिला टाळून जातो ती ही वेल, आणि ज्याच्या हातास कंप सुटला आहे असा वृद्ध, यांचा संबंध बराच जुना आहे.

चरकसंहितेंत वाताच्या ऐशीं विकारांमध्यें वेपथु, म्हणजे कंप, गणलेला आहे. माधवनिदानांतही त्याचा उल्लेख येतो. खाजकुइली आत्मगुप्ता ह्या नांवानें वैद्यांस ठाऊक होती. तिच्या बिया दुधांत शिजवून, साल काढून, वाटून, तुपांत तळून केलेली वानरी गुटिका प्रसिद्ध आहे. मात्र ती गुटिका मुख्यतः वाजीकरणासाठीं दिली जाई, कंपासाठीं नव्हे. आमच्या पूर्वजांस आजचें सारें औषध ठाऊक होतें असें छातीठोकपणें सांगणाऱ्यांनीं हें ध्यानांत घेतलेलें बरें.

युरोपांत ह्या रोगाचें पहिलें नीटस वर्णन लंडनच्या जेम्स पार्किन्सन यानें १८१७ सालीं केलें. त्याच्या छोट्या पुस्तकांत रुग्ण अवघे सहा, आणि त्यांतले कांहीं तर त्यानें केवळ रस्त्यांत पाहिलेले. पण त्याची दृष्टि मोठी सूक्ष्म होती. रोग्याला दुसऱ्यानें भरवावें लागतें, घास चावून होईपर्यंत तोंडांत ठरत नाहीं, गिळतांना कष्ट पडतात आणि कोठा जड होतो, हें सर्व त्यानें टिपलें आहे. म्हणजे हा रोग केवळ हाताचा नसून जेवणाचाही आहे, हें आरंभींच लिहून ठेवलेलें होतें. पुढें फ्रान्सच्या शार्को यानें रोगास पार्किन्सनचें नांव दिलें.

औषधाचा शोध मात्र एका शेंगेंतून लागला, व तोही नकळत. १९१३ सालीं बाझल येथें मार्कुस गुगेनहाइम यानें बाकल्याच्या शेंगांतून लेव्होडोपा हें द्रव्य वेगळें काढलें. त्यानें तें स्वतः खाऊन पाहिलें आणि त्याला वांत्या झाल्या. १९३७ सालीं मद्रासला दामोदरन व रामस्वामी यांनीं तेंच द्रव्य खाजकुइलीच्या बियांतून काढलें. कंपवाताशीं त्याचा कांहीं संबंध असेल, अशी शंकाही तेव्हां कोणास नव्हती. १९५७ सालीं स्वीडनच्या कार्लसन यानें औषधानें निश्चल झालेल्या प्राण्यांस लेव्होडोपा देऊन पुन्हां हालतें केलें. १९६० सालीं व्हिएन्नास हॉर्निकीविच व एहरिंगर यांना ह्या रोग्यांच्या मेंदूंत डोपामिन फार कमी आढळलें. आणि १९६७ सालीं अमेरिकेंत कॉट्झियस यानें डोपाचें प्रमाण हळूहळू वाढवीत नेऊन जखडलेलीं माणसें चालवून दाखविलीं.

येथून ताटाची खरी कथा सुरू होते. गोळी तीच, प्रमाण तेंच. पण रोगी सकाळीं चालतो आणि दुपारीं जेवणानंतर खिळून बसतो, असें दिसूं लागलें. १९८४ सालीं अमेरिकेंतील नट व त्याचे सहकारी यांनीं नऊ रोग्यांस लेव्होडोपा शिरेवाटें सतत दिलें. मग त्यांना प्रथिनयुक्त जेवण देतांच, रक्तांतील औषध कमी न होतां, त्याचा गुण नाहींसा झाला. प्रथिनांपासून होणारीं कांहीं अमिनो आम्लें आणि लेव्होडोपा हीं एकाच दारानें मेंदूंत शिरतात. दारीं गर्दी झाली कीं औषध बाहेर राहतें. आंतड्यांतही हीच चढाओढ चालते. पुढें १९८७ सालीं पिंकस व बॅरी यांनीं दिवसां प्रथिनें अगदीं थोडीं देऊन सारा भाग रात्रीच्या जेवणांत ठेवण्याची रीत सुचविली.

एकीकडे खाजकुइलीही विसरली गेली नव्हती. १९७८ सालीं अशोक वैद्य व त्यांचे सहकारी यांनीं तिच्या चूर्णाचा कंपवातावरील उपयोग प्रसिद्ध केला. १९९५ सालीं साठ रोग्यांवरील बारा आठवड्यांच्या प्रयोगाचा वृत्तांत आला. आणि २००४ सालीं लंडनमध्यें आठ रोग्यांवर तुलना झाली, तींत तीस ग्रॅम चूर्णाचा गुण सरासरी पस्तीस मिनिटांत दिसला, तर नेहमींच्या गोळीस एकोणसत्तर मिनिटें लागलीं. हें ऐकून कोणी रानांतून शेंगा आणून घरीं कुटूं लागेल, तर तें मोठें धाडस होईल. प्रत्येक बीं सारख्या ताकदीचें नसतें, आणि गोळी चालू असतांना त्यावर अज्ञात मात्रा चढविणें म्हणजे मळमळ, भ्रम व अंगाचे अनिवार झटके ओढवून घेणें होय.

घरच्या माणसांची चूक बहुधा मायेपोटीं होते. म्हातारा वाळत चालला, म्हणून गोळीबरोबरच पेलाभर दूध देतात, वर डाळीची वाटी. गोळीचा गुण येत नाहीं, आणि मग रोग वाढला असें समजतात. शहाद्याकडच्या घरांत तर नुसत्या भाकरींतच उडीद असतो! तुरीच्या डाळीच्या शंभर ग्रॅमांत सुमारें बावीस ग्रॅम प्रथिनें असतात. ह्याच्या उलट कोणी ऐकीव माहितीवर डाळ-दूध अजीबात बंद करतात, हें त्याहून वाईट. कारण ह्या रोगांत वजन आधींच घटतें. सर्वांनाच प्रथिनांचा हा त्रास होतो असेंही नाहीं. तो बहुधा रोग कांहीं वर्षें मुरल्यावर जाणवतो.

म्हणून गोळी जेवणापूर्वीं अर्धा तास, किंवा जेवणानंतर तासाभरानें, असा बेत डॉक्टरांस विचारून ठरवावा. आरंभीं मळमळत असेल तर गोळीबरोबर नुसत्या ज्वारीच्या भाकरीचा कोरडा तुकडा चालतो. कळण्याची भाकरी, डाळ व दूध हीं रात्रीं द्यावीं. दिवसां भाकरी पातळ भाजीच्या रसांत कुस्करून द्यावी, म्हणजे घास घशांत अडकत नाहीं. ताठ बसवून, हनुवटी थोडी खालीं घेऊन, लहान घास घ्यावयास लावावा, आणि एक घास उतरल्याखेरीज दुसरा देऊं नये. कोठ्यासाठीं पाणी भरपूर. आणि पपई तर दारांतच पिकते.