आवळ्याचा गुण आणि गोरेपणाचा मोह

नागपुराहून दक्षिणेस वर्ध्याच्या वाटेवर बुटीबोरी लागते. आज ती कारखान्यांमुळें ओळखली जात असली, तरी भोंवतालचा मुलूख संत्र्यांचा. आणि आवळा, हिरडा, बेहडा हीं तर विदर्भाच्या रानांतलीं जुनीं फळें. अशा औषधी फळांच्या अर्कानें कातडीचा रंग उजळतो, असें अलीकडे फार सांगण्यांत येतें. या म्हणण्याचा इतिहास उद्बोधक आहे.

चरकसंहितेंत औषधींचे पन्नास गण आहेत. त्यांतील ‘वर्ण्य’ गणांत चंदन, वाळा, ज्येष्ठमध, मंजिष्ठ, उपळसरी अशीं दहा द्रव्यें येतात. आवळा तेथें नाहीं. तो व हिरडा ‘वयःस्थापन’ गणांत, म्हणजे वार्धक्य थोपविणाऱ्यांत आहेत. च्यवनप्राशाच्या फलश्रुतींत वर्णाची प्रसन्नता सांगितली आहे खरी. परंतु प्रसन्न वर्ण म्हणजे गोरा वर्ण नव्हे. सांवळी कांतीहि प्रसन्न असूं शकते.

अर्वाचीन शास्त्राची वाट निराळी. बटाटा चिरून ठेवला कीं काळवंडतो, संत्रें काळवंडत नाहीं. या भेदाचा मागोवा घेत हंगेरीचे आल्बर्ट सेंट-जॉर्जी यांनीं १९२८ सालीं गुरांच्या ग्रंथींतून, तसेंच संत्रें व कोबी यांतून एक आम्ल वेगळें काढलें. प्राणवायूनें होणारा बिघाड तें रोखी. तेंच पुढें ‘क’ जीवनसत्त्व ठरलें, आणि १९३७ सालीं सेंट-जॉर्जींस नोबेल पारितोषिक मिळालें.

बटाटा काळा करणाऱ्या टायरोसिनेजसारखेंच द्रव्य माणसाच्या त्वचेंतहि असतें. त्याच्याच योगानें मेलॅनिन हा रंग घडतो. आवळ्याचा अर्क प्रयोगशाळेंत या द्रव्यास आवर घालतो. पण कांचेची नळी म्हणजे जिवंत त्वचा नव्हे. अर्क त्वचेच्या खोल थरांत पोंचला पाहिजे. ‘क’ जीवनसत्त्व तर हवेनें व उजेडानें लवकर नासतें. शिवाय मेलॅनिन ही उन्हापासून रक्षण करणारी निसर्गाची छत्री आहे, आणि नागपूरकडचें ऊन सर्वांस ठाऊक आहे.

१९७५ सालीं ‘फेअर अँड लव्हली’ हें मलम बाजारांत आलें. गोरेपण म्हणजे चांगलें स्थळ व चांगली नोकरी, असें जाहिराती सांगूं लागल्या. २०२० सालीं नांवांतील ‘फेअर’ शब्द गेला. तरी सांवळ्या मुलीच्या आईबापांची चिंता गेली नाहीं, आणि त्या चिंतेवरच पाऱ्याचीं चोरटीं मलमें खपतात. पारा मूत्रपिंडें बिघडवितो, म्हणूनच २०१३ च्या मिनामाता करारानें अशा प्रसाधनांवर बंधन घातलें.

आवळा खावा, संत्रें खावें. त्यांचा गुण खरा आहे. मात्र मुलीचा रंग हा कांहीं रोग नव्हे, कीं त्यावर औषध शोधावें.