स्वदेशी शाईचीं पहिलीं वर्षें

१९२५ सालीं नाशिकरोड येथें सरकारी सिक्युरिटी प्रेस सुरू झाली. तत्पूर्वीं सुमारें सत्तर वर्षें हिंदुस्थानच्या टपालाचीं तिकिटें लंडनच्या डे ला रू कंपनीकडून छापून येत असत. आतां तीं नाशकास छापलीं जाऊं लागलीं. पाकिटावरील तिकीट असें घरचें झालें. परंतु त्याच पाकिटावर पत्ता लिहिणारें फाउंटनपेन आणि त्यांतील शाई हीं मात्र बहुधा परदेशचींच राहिलीं. वॉटरमन, स्वान, पार्कर हीं नांवें वकिलांच्या आणि प्रोफेसरांच्या खिशांतून मिरवत होतीं.

ज्या देशांत शतकानुशतकें पोथ्या लिहिल्या गेल्या, त्यास शाई करतां येऊं नये काय? येत होतीच. काजळ आणि डिंक घोटून केलेली शाई बोरूस उत्तम. जुन्या पोथ्यांवर ती अद्याप काळीभोर आहे. पण काजळ पाण्यांत विरघळत नाहीं, त्याचे कण नुसते तरंगत राहतात. बोरूचें त्यामुळें कांहीं अडत नाहीं. फाउंटनपेनाचें तसें नव्हे. न्यूयॉर्कच्या लुइस वॉटरमनला १८८४ सालीं ज्या रचनेचें पेटंट मिळालें, तींत निबेखालच्या पट्टीस केसासारख्या बारीक खांचा असतात. त्यांतून शाई खालीं उतरते आणि तिच्या जागीं हवा वर चढते. ह्या खांचांत काजळ बसलें कीं पेन मुकें झालें! म्हणून तेथें पूर्ण विरघळलेली शाई हवी. मायफळांतील किंवा हिरड्यांतील तुरट द्रव्य आणि हिराकस यांच्या संयोगानें होणारी शाई लिहितांना फिकट असते व हवा लागली कीं कागदावर काळी पडते; लिहितांना दिसावी म्हणून तींत निळा रंग घालतात. ब्लू-ब्लॅक म्हणतात ती हीच. परंतु तिच्या तळाशीं गाळ बसूं नये म्हणून थोडें अम्ल घालावें लागतें. तें कमी पडलें तर गाळ बसतो, अधिक झालें तर पोलादी निब खाल्ली जाते.

दौतींतली शाई बिघडली तर दौत धुवावी आणि टांकास नवी निब लावावी, नुकसान दिडकीचें. पण महागाच्या पेनांत अनोळखी शाई भरण्यास देशभक्त गृहस्थहि कचरे. स्वदेशी शाईपुढील खरा प्रश्न हा होता, आणि तो सभेंतील टाळ्यांनीं सुटणारा नव्हता.

दिगंबर परशुराम व गोविंद परशुराम दांडेकर या बंधूंनीं १९३१ सालीं मुंबईंत 'दांडेकर आणि कंपनी' काढली, तेव्हां कायदेभंगाची चळवळ ताजी होती व परदेशी मालावरील बहिष्काराची हवा होती. तरीहि त्यांनीं आरंभ केला तो 'हॉर्स ब्रँड' शाईच्या पुडीनें आणि वडीनें. पाण्यांत कालवावी, कीं दौत भरली. ह्यांत धोका थोडा, आणि पाण्याचें ओझें गांवोगांव वाहून नेण्याचें कारणहि नाहीं. फाउंटनपेनाची 'कॅमल' शाई त्यानंतर लौकरच आली. योगायोग असा कीं, त्याच १९३१ सालीं अमेरिकेंत पार्कर कंपनीनें आपली 'क्विंक' शाई बाजारांत आणली होती. म्हणजे गांठ होती ती बलाढ्य कारखान्यांशीं.

उंटाविषयीं एक गोष्ट सांगतात. इराण्याच्या हॉटेलांत बसले असतां सिगारेटच्या जाहिरातीवरील उंट दांडेकरांच्या दृष्टीस पडला, आणि एकदां पाणी पिऊन दूरवर चालणारा हा प्राणी त्यांस शाईचें चिन्ह म्हणून पटला. स्वदेशी मालास इंग्रजी नांव कां, असा आक्षेप कोणी घेईल. पण फाउंटनपेन वापरणारें गिऱ्हाईक बहुतेक इंग्रजी शिकलेलें होतें, आणि नांव हिंदुस्थानभर चालावयास हवें होतें. शिवाय चित्र पाहून लहान मुलासहि बाटली ओळखतां येई.

पेन घडविण्याचें काम दुसरीकडे चाललें होतें. राजमहेंद्रीस के. व्ही. रत्नम यांनीं १९३२ च्या सुमारास स्वदेशी पेनें करण्यास आरंभ केला. १९३५ सालीं गांधीजींनीं त्यांचें पेन वापरून वर्ध्याहून पसंतीचें पत्र पाठविलें. बोरूचा आग्रह धरणाऱ्या गांधीजींची ही पसंती लहान नव्हे.

दांडेकरांचा धंदा १९४६ सालीं खाजगी मर्यादित कंपनी झाला. कॅमल आणि इंक हे शब्द जोडून झालेलें 'कॅमलिन' हें नांव पुढें चित्रकलेच्या रंगांवर व पेन्सिलींवरहि आलें, आणि त्या नांवाचीं फाउंटनपेनेंहि निघालीं. वॉटरमनकडे आधीं पेन. इकडे आधीं शाई, मग पेन. २०११ सालीं जपानच्या कोकुयो कंपनीनें कॅमलिनचे निम्म्याहून अधिक भाग घेण्याचा करार केला.