वसंतातली दुर्गभ्रमंती आणि आग्या मोहोळ

पळस, पांगारा आणि काटेसावर फुलू लागली, की सह्याद्रीत वसंताची चाहूल लागते. फाल्गुन-चैत्रात गडकोटांवर जाणाऱ्यांची गर्दीही वाढते. वाढते ऊन, आटलेली टाकी आणि घसाऱ्याच्या वाटा यांची तयारी बहुतेक जण करून निघतात. मात्र याच दिवसांत कड्याकपारींना लगडलेल्या आग्या मोहोळांचा विचार क्वचितच केला जातो. मार्च २०२५ मध्ये तिथीनुसार होणाऱ्या शिवजयंतीच्या सुमारास शिवनेरीवर मधमाश्यांच्या हल्ल्यात अनेक जण जखमी झाले होते.

सातेरी मधमाशी झाडाच्या ढोलीत घर करते, फुलोरी झुडपात लहानसे पोळे बांधते. आग्या मात्र उघड्यावर राहते. तिचे पोळे एकच, पण मीटरभर रुंदीचे आणि हजारो माश्यांचे असते. बेलाग कडे, लेणी, उंच वृक्ष आणि शहरांतल्या पाण्याच्या टाक्या ही तिची आवडती ठिकाणे. फुलोऱ्यामागोमाग ती स्थलांतर करते. त्यामुळे महिनाभरापूर्वी निर्धोक असलेली वाट आज तशीच असेल, असे गृहीत धरता येत नाही. पायथ्याच्या गावात चौकशी करणे हाच भरवशाचा उपाय होय.

पोळ्यावर माश्यांचा जाड पडदा असतो आणि गांधीलमाशीसारखा शत्रू जवळ आला, की त्यावरून चमकदार लहरी धावतात. पाहणाऱ्याला मौज वाटते, पण तो पहारा असतो. माश्या उठण्यामागे बहुधा माणूसच कारणीभूत ठरतो. चुलीचा किंवा मशालीचा धूर, फटाके, भिरकावलेला दगड, उग्र अत्तर यांपैकी काहीही पुरते. उत्सवाच्या दिवशी तर हे सारे एकाच जागी जमून येते. कधी मधुबाज पोळ्यावर झडप घालतो आणि त्याचा राग खालून जाणाऱ्यांवर निघतो. रात्रीच्या भटकंतीतही सुटका नाही. ही माशी चांदण्यात उडते आणि उजेडाकडे धाव घेते, म्हणून विजेरीचा झोत पोळ्यावर टाकू नये.

डंख मारताना माशीची नांगी त्वचेत रुतून राहते आणि तिथून पिकल्या केळ्यासारखा गंध पसरतो. तो इतर माश्यांना हल्ल्याचा इशारा असतो. हात झाडणे, माश्या चिरडणे म्हणूनच अंगाशी येते. डोके, नाक व तोंड झाकून थेट बंदिस्त निवाऱ्याकडे किंवा दाट झाडीत शिरावे. कड्याच्या काठावर मात्र आंधळेपणाने धावणे डंखांहूनही घातक! तेथे चादर वा घोंगडी पांघरून, गुडघ्यांत तोंड घालून बसणे श्रेयस्कर. टाक्यात उडी घेण्याचा मोह टाळावा. माश्या वर घोंघावत राहतात, आणि गडावरची टाकी खोल व निसरडी असतात. फिकट रंगाचे, अंगभर कपडे आणि पाठपिशवीत एक जाड चादर एवढी तयारी फारशी अवघड नाही.

सुरक्षित जागी पोहोचताच नांग्या नखाने वा बोटाने, जमेल तशा, पण तत्काळ काढाव्यात. बहुतांश विष पहिल्या काही सेकंदांतच अंगात उतरते. चुना किंवा माती चोळण्यात वेळ दवडण्यापेक्षा स्वच्छ पाण्याने धुऊन थंड पट्टी ठेवावी. ज्यांना या विषाची वावडी असते, त्यांना एक डंखही जिवावर बेतू शकतो. अंगभर गांधी उठणे, घसा किंवा जीभ सुजणे, श्वास लागणे, भोवळ येणे यांपैकी काहीही दिसल्यास अॅड्रिनॅलिनचे इंजेक्शन हाच उपचार आहे. रुग्णाला चालवत खाली आणू नये; १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून त्याला झोळी वा स्ट्रेचरवरून उतरवावे.

अनेक डंख झालेल्याला त्या दिवशी बरे वाटले, तरी रुग्णालयात नेणे आवश्यक ठरते. विषामुळे स्नायू व रक्तपेशींची हानी होऊन मूत्रपिंडांवर परिणाम होऊ शकतो, आणि तो काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांनी दिसून येतो. लघवी गडद तांबूस होणे अथवा कमी होणे ही त्याची पहिली खूण असते.