खाचर, वरकस आणि कुळाचा वाटा



रत्नागिरीच्या माणसाला विचारा, "तुमची शेती किती?" तो एकरात उत्तर देणार नाही. "मळ्यात दोन खाचरे, वर थोडे वरकस, परसात चार माड," असे म्हणेल. घरटी जमीन थोडी, पण प्रकार अनेक! ही नावे नुसती बोलण्याची रीत नव्हे. त्यांत आपल्या जिल्ह्याचा इतिहास आहे.

पहिली वर्गवारी केली ती पाण्याने. आपल्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पऱ्याकाठची सपाट ती मळेजमीन. पाणी हटत नाही ती पाणथळ. उताराला बांध घालून केलेली आणि पावसाने ओढ दिली की सुकणारी ती कुर्याट. खाडीची भरती बांधाने अडवून मिळवलेली ती खारजमीन. किनाऱ्याला माडपोफळीचे आगर, आणि डोंगरउतारावर वरकस. वरकसात नाचणी, वरी, हरीक अशी पिके पाळीपाळीने घ्यायची आणि मग काही वर्षे जमीन पड टाकायची. पण वरकसाला हलके लेखू नका. भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा, तर टाहळ आणि गवत तिथलेच. वरकस नाही, तर खाचर उपाशी!

दुसरी वर्गवारी माणसाने केली, ती हक्काची. धारेकरी गावात शेतकरी आपला धारा थेट सरकारात भरी. खोती गावात सरकारशी व्यवहार खोताचा, आणि कूळ खोताचे देणेकरी. दोन्ही प्रकार एकत्र नांदत, त्याला लोक खिचडी गाव म्हणत.

या दोन वर्गवारी कुळाच्या अंगणात एकमेकींना भेटत. उभ्या पिकाचा अंदाज बांधला जाई, त्याला अभावणी म्हणत. मग खाचरातल्या भाताचा साधारणपणे अर्धा वाटा खोताचा, तो अर्धेल. वरकसाच्या पिकाचा तिसरा वाटा, तो तिर्धेल. वर वेठ होतीच. म्हणजे खाचर की वरकस, या एका शब्दावर कुळाच्या कणगीत किती दाणा उरणार ते ठरे. आता सांगा, कुळाने घाम गाळून वरकसाचे खाचर केले, तर त्या घामाचे मोल कोणाच्या पदरात पडायचे?

1880 च्या खोती कायद्याने कुळांचे हक्क कागदावर आणले, परंतु खोत राहिलाच. मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 17 सप्टेंबर 1937 रोजी मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. पुढल्याच वर्षी, जानेवारी 1938 मध्ये, कोकणातले शेतकरी मोर्चाने मुंबईत आले. ते विधेयक मंजूर झाले नाही. खोती गेली ती 1949 च्या कायद्याने. त्यानंतर 1 एप्रिल 1957 या कृषक दिनापासून कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक होण्याची वाट कूळकायद्याने मोकळी केली.

1990 नंतर रोजगार हमीतून फळबागांना साहाय्य मिळू लागले, आणि नाचणीच्या वरकसावर हापूस नि काजूची कलमे उभी राहिली. जमीन तीच, नाव मात्र पालटले.

गुरुजी, एक करा. मुलांना घरच्या आजोबांकडे, आजीकडे पाठवा. आपल्या प्रत्येक तुकड्याचे जुने नाव काय, तो कोणी फोडला, वाटा किती जाई, हे विचारून वहीत लिहायला सांगा. सातबाऱ्यावर गट नंबर सापडेल. बांध कोणाच्या हातांनी घातला, ते मात्र घरातल्या थोरांनाच ठाऊक असते.