विश्वास (ख्रिस्ती धर्मविचारातील)

येशू ख्रिस्ताच्या ठायी प्रकट झालेल्या देवाच्या कृपेला माणसाने मनापासून दिलेल्या होकाराला ख्रिस्ती शिकवणीत विश्वास म्हणतात. या होकारात तीन गोष्टी येतात: शुभवर्तमान ठाऊक असणे, ते खरे मानणे आणि ख्रिस्तावर आयुष्याचा भार टाकणे. पहिल्या दोन गोष्टी अभ्यासाने साधतात. देव एक आहे हे भुतेही मानतात, असे याकोबाच्या पत्रात बजावले आहे. त्यामुळे खरा कस लागतो तो तिसऱ्या गोष्टीत. शंका मात्र या भरवशाला बाधक नाही. मार्काच्या शुभवर्तमानात आजारी मुलाचा बाप आपला विश्वास सांगतो आणि त्याच दमात अविश्वास घालवण्यासाठी मदत मागतो. येशू त्या मुलाला बरे करतो.

विश्वास आणि कृती यांचे नाते हा या विषयातला सर्वांत जुना वाद. पौल आणि याकोब दोघेही अब्राहामाचाच दाखला देतात. पौलाचा अब्राहाम सुंतेच्याही आधी केवळ देवाच्या शब्दावर विसंबतो. याकोबाचा अब्राहाम मुलाला वेदीवर ठेवून तो विश्वास कृतीत उतरवतो. सोळाव्या शतकात लूथरने पौलाची बाजू उचलून धरली, तर कॅथलिकांच्या त्रेंत येथील परिषदेने १५४७ साली आशा व प्रीती यांच्यावाचून विश्वास पुरा होत नाही असे ठरवले. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे लूथरपंथी व कॅथलिक यांनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. माणूस पुण्याईने नव्हे, कृपेने स्वीकारला जातो, हे त्यात दोघांनीही मान्य केले.

खरे मानणे आणि भार टाकणे यांतल्या तात्त्विक भेदाला मराठी ख्रिस्ती परंपरेत चरित्रांचा आधार आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे झाला. ख्रिस्ती धर्म आपण तेव्हा स्वीकारला, पण ख्रिस्त आपल्याला त्यानंतर काही वर्षांनी भेटला, असे त्यांनी पुढे स्वतःच नमूद केले. मत पटणे आणि भरवसा बसणे यांतले अंतर इतक्या स्वच्छपणे क्वचितच कोणी मांडले असेल.

नारायण वामन टिळकांची वाट नागपूरहून सुरू होते. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. डोंगरावरील प्रवचनाने ते भारावले, तरी निर्णय लगेच झाला नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. हे विधान वरवरचे नव्हे: देवावर सर्वस्वी विसंबणे त्यांना वारकरी भक्तीतून परिचित होते, आणि त्यांच्या अभंगांत व भजनांत विश्वास सिद्धांताच्या भाषेत न येता आर्जवाच्या भाषेत येतो. ही पदे मराठी मंडळ्या आजही गातात. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई मात्र पतीपाठोपाठ गेल्या नाहीत. त्यांनी १९०० साली स्वतंत्रपणे बाप्तिस्मा घेतला. एकाच्या विश्वासावर दुसऱ्याचा विश्वास चालत नाही, याचे याहून बोलके उदाहरण मराठीत नाही.

मग तान्ह्या बाळाच्या बाप्तिस्म्याचे काय? हा प्रश्न नागपुरातच एका निर्णायक टप्प्याला आला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सदरमधील ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्यांपैकी अँग्लिकन व मेथडिस्ट तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत. कृपा आधी, माणसाचा होकार नंतर, ही त्यामागची भूमिका. बॅप्टिस्ट व ब्रेद्रन जाणत्या वयात स्वतः विश्वास कबूल करणाऱ्यालाच पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देत. एकीसाठी कोणालाही आपली रीत सोडावी लागली नाही. आईवडील बाळाचा बाप्तिस्मा करून घेऊ शकतात किंवा त्याचे केवळ समर्पण करून बाप्तिस्मा पुढे त्याच्यावर सोपवू शकतात. दोन्ही वाटांवर एक अट समान आहे: जाणत्या वयात मंडळीसमोर स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल केल्यावरच त्या व्यक्तीला पूर्ण सभासदत्व मिळते.